मागच्या दाराकडे एक नजर

शालन वेर्लेकर छत्तीस वर्षं रंगभूमीवर होत्या. प्रयोगानंतर चाहते त्यांना प्रश्न विचारत होते. पहिली भूमिका कोणती, संवाद कसे पाठ करता, असं हसतखेळत चाललं होतं. तेवढ्यात प्रेक्षकांतल्या निमकरबाई उठल्या.

"ताई, या नाट्यगृहाच्या दालनात सगळे फोटो नाटककारांचे. तुमचा का नाही?"

शालनताईंनाही ते कितीतरी वर्षं खुपत होतं. पण उत्तर दिलं पहिल्या रांगेतून, नाट्यगृहाचे अध्यक्ष भाऊसाहेब रणदिवे यांनी.

"अहो, नट बोलतो ते लेखकाचंच. त्यात यांचं स्वतःचं काय? ते दाखवा, उद्याच फोटो लावतो."

शालनताई सावकाश उठल्या. सभागृहाच्या मागच्या दाराकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला, हात नकळत पदराकडे गेला. जणू फार वर्षांनी कोणी परत आलं होतं. सगळं सभागृह मागे वळलं. भाऊसाहेब तर चक्क उभे राहिले.

दार बंद होतं.

"कोण आलंय?"

"कोणीच नाही, भाऊसाहेब," ताई खाली बसत म्हणाल्या. "पण तुम्ही उठलात. हे कुठल्या लेखकानं लिहिलं होतं?"

टाळ्या थांबेपर्यंत भाऊसाहेब उभेच होते. मग म्हणाले, "फोटो कुठं लावू, तेवढं सांगा."

"त्या दारावरच लावा. तिकडं तुमची मान आपोआप वळते."