तीन चोची चिखल

त्या राज्यात पाणी वर होतं आणि वस्ती खाली. मधे मातीचा एक बांध, आणि बांधावर बगळ्याची सत्ता. प्रत्येक घराने रोज तीन चोची चिखल बांधावर आणून टाकायचा, असा त्याचा हुकूम होता. जो टाकणार नाही त्याचं घरटं मोडलं जाई.

टिटवीच्या बापाचं घर असंच गेलं. पंख दुखावला म्हणून तो दोन दिवस आला नाही, तर तिसऱ्या दिवशी बगळ्याचे कावळे दारात हजर. टिटव्यांचं घर ते काय, जमिनीवर मांडलेले चार खडे. तेही त्यांनी विस्कटले. कावळ्यांना अशी कामं मनापासून जमतात. टिटवीने ते पाहिलं आणि ती कधी विसरली नाही.

यंदा निवडणुकीत ती बगळ्याविरुद्ध उभी राहिली आणि घरोघर सांगत सुटली, "ज्याची चोच, त्याची मर्जी. मी निवडून आले तर कुणावर सक्ती नाही." ऐकणाऱ्यांना बरं वाटे आणि धास्तीही वाटे. धास्ती तिलाही होती, पण ती कबूल करत नसे.

मतदानाच्या सकाळी बांधाच्या पायथ्याशी चालताना तिचे पाय भिजले. बगळा वर उभा राहून चोची मोजायचा, म्हणून सगळे वर्षानुवर्षं वरच चिखल टाकत आले होते. वर बांध चांगला पोसला होता. खाली खेकड्यांनी तो पोखरला होता, आणि आता तिथून पाण्याची धार लागली होती.

"धावा! बांध फुटतोय!" ती ओरडली.

मतदानाला जमलेले सगळे धावत आले, आणि सवयीने बगळ्याकडे बघत उभे राहिले.

"आता कसं, टिटवीबाई?" बगळा वरून म्हणाला. "हुकमाशिवाय चालत नाही, एवढं सगळ्यांसमोर कबूल करा. लगेच हुकूम सोडतो."

"कर ना गं कबूल!" सुगरण रडकुंडीला आली. "माझी पिल्लं खाली आहेत. भांडण नंतर करा!"

टिटवीने धारेकडे पाहिलं. कबूल केलं तर बापाचे खडे विस्कटले ते योग्यच झालं म्हणायचं. नाही केलं आणि कुणीच आलं नाही, तर खालच्या प्रत्येक पिल्लाचं पाप तिच्या माथी. धार मनगटाएवढी झाली होती.

तिने चोचीत चिखल घेतला आणि भोकात कोंबला. पाण्याने तो उडवून लावला. तिने पुन्हा कोंबला, आणि या वेळी छाती लावून तिथेच उभी राहिली. गार पाण्याने तिचा श्वास अडकला.

"हट्टी मेली!" सुगरण म्हणाली, आणि तिने चोच चिखलात खुपसली. मग दोन चिमण्या आल्या. मग बगळ्याचाच एक कावळा, इकडे तिकडे बघत, खाली उतरला. मग कोण कधी आलं ते कळलं नाही. कुणी काही बोलत नव्हतं; भरल्या चोचीने बोलता येत नाही.

बऱ्याच वेळाने धार बारीक झाली. दम खायला सगळ्यांनी माना वर केल्या. वर बगळा, कुणी काही कबूल केलं नसतानाही, हुकमावर हुकूम सोडत होता, आणि उन्हात त्याची लांब चोच स्वच्छ, पिवळीधमक चमकत होती.