थोरलीची राख

माती, पाणी, माणूस यातलं काहीच नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आकाशात थोरली आणि धाकटी अशा दोन तारका शेजारी राहत. धाकटी जपून, मिणमिणत जळे. थोरलीचा जाळ मोठा. सरपण संपलं की ती त्याचीच राख पुन्हा पेटवी. असं करता करता एक दिवस तिच्या पोटात लोखंड साचलं. ते काही केल्या पेटेना, उलट होती ती धगही गिळू लागलं.

“ताई, तरी सांगत होते, जपून जाळ,” धाकटी म्हणाली.

“जन्मभर चूल फुंकली गं,” थोरली म्हणाली, “आणि पदरात पडली राख! माझ्या चुलीवरचं कुणी घासभर खाल्लं नाही.”

एवढं बोलून ती आतल्या आत कोसळली आणि फुटली. राख दाही दिशांना उडाली. धाकटीने अंगावर पडलेली झटकून टाकली.

युगं लोटली. त्या राखेची जमीन झाली. जमिनीवर चूल पेटली, चुलीवर लोखंडी तवा चढला, भाकरी टम्म फुगली आणि पोरं पोटभर जेवली.

धाकटीने ते पाहिलं आणि ताईला हाक मारायला वळली. तिथे नुसता काळोख होता.