न मोजलेल्या काचा

“आणि ज्या मोजल्याच नाहीस, त्या काचा कुठं आहेत?” केंकरेबाईंनी विचारलं.

डॉ. मयुरेश तांबवेकर गडबडला. कॅन्सरच्या तपासणीसाठी गर्भाशयाच्या तोंडाचा नमुना लाकडी पट्टीने घ्यावा की ब्रशने, यावर त्याने वर्षभर काम केलं होतं. दोनशे बायका तपासल्या, प्रत्येकीचा नमुना एकेका काचेवर पसरला. ब्रश जिंकला, आणि स्वारीला ‘ग’ची बाधा झाली.

केंकरेबाई त्याच्या गुरू. चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली अशा काचा वाचल्या, आता दोन्ही डोळे गेलेले. दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीत तो शाबासकी घ्यायलाच आला होता.

“सात काचा बाद धरल्या, बाई. नुसतं रक्त. काहीच दिसत नाही त्यांत.”

“आण.”

त्याने खोकं आणलं. बाई एकेक काच चाचपत गेल्या. पाचव्या काचेवर बोट थांबलं.

“ही बाहेर बसलीय. हिरव्या लुगड्यातली.”

मयुरेशने दाराबाहेर पाहिलं. भर दुपार. बाक रिकामा.

हिरवं लुगडं... शेवंता लोखंडे. ब्रश लागताच रक्त आलं, तेव्हा म्हणाली होती, “नीट बघा डाक्टर, रोजच जातंय.” नमुना बिघडला, सहा महिन्यांनी या, असं सांगून त्याने तिला वाटेला लावलं होतं. त्या दिवशी बाई इथे नव्हत्या. असत्या तरी...

“बाई, लुगडं तुम्हांला कसं...”

“रक्त कशानं आलं रे? ब्रशनं?”

नुसता ब्रश लागून रक्त येणं, हीच तर कॅन्सरची खूण. त्याला स्वतःची लाज वाटली. जिला सगळ्यांत आधी थांबवून घ्यायचं, तिलाच त्याने घरी पाठवलं होतं.

वही उघडून त्याने नंबर लावला. शेवंताच्या मुलीने फोन उचलला.

“आई? ती सकाळीच तिकडं आलीया की! बाकावर बसते म्हणाली. बोलावतील तवा आत जाईन.”

तो पुन्हा दाराशी गेला. बराच वेळ बघत राहिला.

“बाई... बाकावर कुणीच दिसत नाही.”

केंकरेबाईंनी ती काच त्याच्या तळहातावर ठेवली. काच कोमट होती.

“काचेवर तरी दिसलं होतं का?”