भिंतीखालचा वैरी

फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा राजांकडे वेळ भरपूर असायचा आणि तो भांडणात घालवायची त्यांना हौसही असायची. अशाच दोन राजांचं एका कुरणावरून वाकडं आलं. कुणाच्या घोड्यांनी आधी कुणाचं गवत खाल्लं, हे आता घोड्यांनाही आठवत नसेल, पण लढाया मात्र बारा वर्षं चालल्या होत्या.

शेवटी एका राजाच्या सरदारानं दुसऱ्याच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घातला. भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. डोंगर नाही, दरी नाही, सगळा भरवसा एका भिंतीवर. आत किल्लेदार, त्याचे दोनशे शिपाई आणि आसपासच्या खेड्यांतून जीव मुठीत धरून आलेली बायकापोरं, म्हातारीकोतारी. भिंत पडली की आपण सगळे संपलो, हे आतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तोफांनी भिंत काही हलेना. तेव्हा सरदारानं ठरवलं, जमिनीखालून भिंतीपर्यंत सुरुंग न्यायचा, तिथं दारू ठासायची आणि भिंत उडवून द्यायची. त्यासाठी त्यानं हैबतीला बोलावून घेतलं. हैबती शिपाई नव्हता, तो विहिरी खणायचा. लढाईतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण राजाच्या मुलखात राहतो तर राजाचं काम करायचं, असा सरळ माणूस. बोलावणं आलं तसा तो कुदळ आणि पहार घेऊन हजर झाला. हाताखाली माती उपसायला दोन सोबती मिळाले आणि तो जमिनीत शिरला.

आत किल्ल्यात निंबाजी नावाचा नगारची होता. एरवी कुणी मोठं माणूस दारात आलं की नगारा वाजवायचा, हे त्याचं काम. वेढा पडल्यावर कोण येणार? म्हणून किल्लेदारानं त्याला दुसरं काम दिलं. नगारा भिंतीलगत जमिनीवर ठेवायचा, त्याच्या कातड्यावर मूठभर मोहरी पसरायची आणि तिच्याकडे बघत बसायचं. जमिनीखाली कुणी खणत असलं की मोहरी थरथरते. निंबाजीची बायको म्हणायची, हे काम ह्यांना बरोबर जमेल, घरी तरी दुसरं काय करत होते.

रोज दुपारी दोन्हीकडच्या तोफा जेवणासाठी थांबायच्या. लढाई कितीही मोठी असली तरी भूक लागतेच. अशाच एका शांत दुपारी निंबाजीच्या नगाऱ्यावरची मोहरी नाचायला लागली. तो अर्धी भाकरी तशीच टाकून किल्लेदाराकडे धावला आणि सुरुंग येतोय म्हणून सांगितलं. किल्लेदार म्हणाला, येऊ दे. तो कुठवर आलाय ते रोज मला सांगत जा. भिंतीला भिडला की वरून खड्डा पाडू आणि त्याच्या बोगद्यात पाणी सोडू.

आता विहीर खणणाऱ्यांची एक रीत असते. खाली उतरलेला माणूस वरच्यांना दिसत नाही. म्हणून तो मधूनमधून दगडावर तीन ठोके देतो. मी इथं आहे, ठीक आहे, असा त्याचा अर्थ. वरचा माणूसही तीन ठोके देतो, की मीही इथंच आहे, कुठं गेलो नाही. आयुष्यभर विहिरी खणून हैबतीच्या हाताला तीच सवय लागली होती. शत्रूच्या भिंतीकडे चाललोय, आवाज करायचा नसतो, हे डोक्याला कळत होतं. हाताला कोण सांगणार? घाम पुसायला थांबला की पहार आपोआप दगडावर पडायची. तीन वेळा.

वर निंबाजीला मोहरी तीनदा उडताना दिसली. मग सगळं शांत. पुन्हा तीनदा, पुन्हा शांत. विहिरीची रीत त्याला माहीत नव्हती, पण तो पडला नगारची. कुणी ठोका दिला आणि आपण गप्प बसायचं, हे त्याला सोसवेना. त्यानं जवळचा धोंडा उचलला आणि जमिनीवर तीनदा आपटला.

खाली हैबतीला ते ठोके ऐकू आले. आपण सापडलो, एवढं त्याला लगेच कळलं. पळायलाच हवं होतं, पण तो जरा वेळ तसाच बसून राहिला. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. इतके दिवस त्या अंधारात तो ठोके देत होता आणि आज पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी त्यानं सरदाराला सरळ सांगितलं, की वर कुणीतरी कान लावून बसलंय. सरदार म्हणाला, मग वाट बदल. हैबती डावीकडे वळला. दुसऱ्या दिवशी निंबाजीनं नगारा चार हात सरकवला आणि किल्लेदाराला सांगितलं, की गडी डावीकडे वळलाय. असा पाठशिवणीचा खेळ पंधरा दिवस चालला. हैबती हुशार, तर निंबाजी त्याच्याहून वस्ताद. दोघांपैकी एकानंही आपल्या धन्यापासून काही लपवलं नाही आणि आपल्या कामात तसूभर कसर ठेवली नाही. पण रोज दुपारी आधी तीन ठोके खालून, मग तीन ठोके वरून. एके दुपारी खालचे ठोके उशिरा आले, तर निंबाजीला जेवण गोड लागेना. बायकोनं विचारलं, कुणाची वाट बघताय एवढी? तो म्हणाला, वैऱ्याची.

तुम्ही म्हणाल, हे कसलं वैर? मलाही नक्की सांगता येत नाही. पण आमनेसामने तलवारी घेऊन उभे राहणारे बरेच जण एकमेकांना एवढे ओळखत नाहीत, हे मात्र खरं.

सोळाव्या दिवशी दुपारी हैबती भिंतीच्या पायाशी पोचला. त्याचे सोबती मातीच्या पाट्या घेऊन बाहेर गेले होते, तेवढ्यात, किल्लेदारानं पाणी सोडायच्या आधीच, मागचा बोगदा आपोआप ढासळला. नगाऱ्यावरची मोहरी उडून पार जमिनीवर सांडली. पायाच्या मोठमोठ्या दगडांखाली एक कोनाड्याएवढी जागा शिल्लक राहिली आणि हैबती तिच्यात अडकला. जवळ पाण्याची एक पखाल होती, एवढंच काय ते नशीब.

किल्ल्यात आनंदीआनंद झाला. सुरुंग बुजला, भिंत वाचली. किल्लेदारानं सगळ्यांना गूळ वाटायला लावला. निंबाजीनं तो हातात घेतला, पण तोंडात घालवेना. त्यानं मोहरी वेचून पुन्हा नगाऱ्यावर पसरली आणि बघत बसला. बऱ्याच वेळानं ती हलली. तीनदाच, पण फार हळू.

बाहेर, बोगद्याच्या तोंडाशी, हैबतीच्या सोबत्यांनाही ते ठोके ऐकू आले. ते रडत सरदाराकडे गेले, की हैबती जिवंत आहे, माणसं द्या, त्याला काढू. सरदार म्हणाला, एवढी माती उपसायला आठ दिवस जातील. तेवढ्यात दुसरा सुरुंग निम्मा होईल. एका माणसापायी वेढा थांबवता येत नाही. सोबती मान खाली घालून परत गेले. छावणीत ही गोष्ट सगळ्यांना कळली.

निंबाजी किल्लेदारासमोर उभा राहिला. खालचा माणूस जिवंत आहे, त्याला आतून खड्डा करून बाहेर काढू, असं त्यानं सांगितलं तेव्हा किल्लेदाराला वाटलं, उन्हानं ह्याचं डोकं फिरलं. त्याला काढायचं तर पायाचे दोन दगड हलवावे लागणार. तेवढ्या जागी भिंत पोकळ होणार, आणि परत बांधून घ्यायला किल्ल्यात चिमूटभर चुना उरलेला नाही. आणि हे सगळं कुणासाठी? जो आपल्याला उडवायला आला त्याच्यासाठी?

निंबाजी म्हणाला, "सरकार, तो सुरुंग घेऊन येतोय हे मीच तुम्हाला सांगितलं. आता तो मरतोय, हेही मीच सांगतोय. पहिलं ऐकलंत, तसं हेही ऐका."

किल्लेदार चिडला. येरझाऱ्या घालायला लागला. बाहेर अंगणात शिपाई आणि बायामाणसं गोळा झाली होती. पाण्यात बुडवून मारायचं ठरवलं होतं तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं. पण आता खाली एक माणूस ठोके देतोय आणि आपण गूळ खातोय, हे ऐकल्यावर त्यांनाही तो गूळ गोड लागेना. शेवटी किल्लेदार निंबाजीकडे न बघताच म्हणाला, की खण. पण भिंत पडली तर आधी तुझ्या अंगावर पडेल अशा जागी उभा राहून खण.

निंबाजी तिथंच उभा राहून खणू लागला. थोड्या वेळानं दोन शिपाई आले, मग आणखी चार. बायका पाट्या उचलायला आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पायाचे दगड सरकले आणि आतून एक हात बाहेर आला. ओढून काढलं तर पांढऱ्या मिशांचा, काटकुळा, मातीनं माखलेला माणूस. निंबाजीच्या मनात एखादा पहिलवान होता. त्यानं पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावला.

पाणी पिऊन झाल्यावर हैबतीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "वरचा तो तूच का?"

"आणि खालचा तू?"

हैबतीनं मान हलवली आणि मग लहान मुलासारखा रडला. निंबाजीचेही डोळे भरून आले. आसपासचे शिपाई उगाचच भिंतीकडे बघू लागले.

आता प्रश्न पडला, ह्याचं करायचं काय? ह्यानं तर भिंतीची पोकळ जागा डोळ्यांनी पाहिली. किल्लेदाराच्या माणसांचं म्हणणं पडलं, की कोठडीत टाका. किल्लेदारानं हैबतीलाच विचारलं, सोडलं तर काय करशील? हैबतीनं खोटं सांगितलं नाही. तो म्हणाला, माझ्या सरदाराकडे जाईन, तो सांगेल ते काम करीन, पण ही जागा त्याला दाखवणार नाही. किल्लेदार म्हणाला, तुझ्या शब्दावर चारशे जीव टांगणीला लावू? त्यावर हैबती म्हणाला, नका लावू, मी कुठं सोडा म्हणालो?

निंबाजी म्हणाला, की सरकार, कोंडायचंच होतं तर तो खाली कोंडलेला होताच, मग काढला कशाला? दुसऱ्या दिवशी दुपारी तोफा थांबल्या तेव्हा किल्लेदारानं दिंडीदरवाजा उघडायला लावला. हैबती छावणीकडे चालत गेला. आत मात्र सगळे जेवण सोडून तटावरून त्याच्याकडे बघत राहिले.

छावणीत त्याला बघायला झुंबड उडाली. मेला म्हणून सोडून दिलेला माणूस शत्रूच्या दारातून चालत आला होता. सरदाराला तर आभाळ ठेंगणं झालं. त्यानं हैबतीला पुढं घेतलं आणि विचारलं, की तुला आतून काढलं म्हणजे त्यांनी पाया फोडला असणार. कुठं फोडला?

"मला माहीत आहे," हैबती म्हणाला. "पण सांगणार नाही."

सरदाराला वाटलं, आपण चुकून काही भलतं ऐकलं. त्यानं पुन्हा विचारलं. हैबतीनं पुन्हा तेच सांगितलं. सरदार लाल झाला. बेइमान म्हणाला, फितूर म्हणाला, तोफेच्या तोंडी देईन म्हणाला.

हैबती शांतपणे म्हणाला, "तुम्ही दुसरीकडून सुरुंग काढा म्हणा, मी आत्ता खणायला उतरतो. त्यात मेलो तर मेलो. पण त्यांनी मला काढायला जी भिंत फोडली, त्या भिंतीतून मी तुम्हाला आत नेणार नाही. आणि सरकार, तुमच्याकडून कुणी मला उकरायला आलं नाही, त्याचाही राग नाही. माझे ठोके तुम्हाला ऐकू आले नसतील."

ठोके ऐकू आले होते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हैबतीचे दोन सोबती तर पुढंच उभे होते. सरदारानं त्यांच्याकडे पाहिलं, मग इतरांकडे पाहिलं. कुणीही नजर खाली घातली नाही. ह्या माणसांना उद्या जमिनीखाली उतर म्हणालो तर एकही उतरणार नाही, हे त्याला कळून चुकलं. आणि ते चुकीचं असणार नाही, हेही कळलं. त्याची मान आपोआप खाली गेली. तसा तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त घाईत होता. पुष्कळ वाईट गोष्टी अशाच होतात.

"ह्याला जेवायला वाढा," एवढंच तो म्हणाला आणि तंबूत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरदार कमरेची तलवार काढून ठेवून एकटाच किल्ल्याच्या दाराशी आला. तटावरून किल्लेदारानं विचारलं, काय काम काढलंत?

सरदार म्हणाला, "माझा माणूस तुम्ही काढलात. तो मी काढायला हवा होता. ज्यांनी तो काढला, त्यांच्याशी कुरणाचं बोलता येईल असं मला वाटतं."

बोलणी चालली. राजांकडे माणसं गेली, आली. राजे आधी ऐकेनात, पण लढायला कुणी उत्सुकच उरलं नव्हतं, तेव्हा ते तरी काय करणार? कुरण दोघांनी वाटून घ्यायचं ठरलं. बारा वर्षांपूर्वी हेच ठरलं असतं तर किती माणसं वाचली असती, असं निंबाजीची बायको म्हणाली, आणि तिचं खरंच होतं.

वेढा उठायच्या दिवशी हैबती सरदाराकडे गेला आणि चार पाट्या चुना मागितला. सरदारानं दिला, शिवाय आपणही एक पाटी उचलून बरोबर निघाला. किल्ल्यात जाऊन हैबती आणि निंबाजी भिंतीशी बसले आणि त्यांनी पायाचे दोन दगड परत जागेवर बसवले. सरदार पाटी घेऊन शेजारी उभा होता. जी जागा हैबतीला मरणाची भीती दाखवूनही त्याला कळली नव्हती, ती त्याला तेव्हा कळली. त्यानं वाकून पाटीतला चुना पुढं केला.

तात्पर्य म्हणून काही हवंच असेल तर ते एवढंच: आपल्या बाजूशी इमान राखायला समोरच्या माणसाशी बेइमानी करावी लागत नाही. आणि जो तशी करायला सांगतो, त्यानं आपल्याच माणसांशी आपण किती इमानानं वागलो, ते आधी आठवून बघावं.