धक्का दुरुस्ती : निरंक

"यात आणखी काय वाचायचं राहिलं, चाचा?"

हेमांगीने ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाची प्रत इब्राहीमचाचांपुढे सरकवली. ती तालुक्याच्या कॉलेजात अकाउंट्स शिकवायची. तिला जमाखर्च कोण शिकवणार! पण चाचांनी पंचायतीत तीस वर्षं कारकुनी केली होती. गावात कुणालाही कागद उलगडला नाही की त्यांचाच उंबरा.

"तुला हवं ते सापडलं?"

"सापडलं! होडीच्या धक्क्याची दुरुस्ती, दोन लाख. यंदा होडी सुरू होणार, चाचा..."

खाडीपलीकडे तिचं माहेर. धक्का खचला, होडी बंद पडली, आणि होडीने दहा मिनिटांवरची आई रस्त्याने सत्तर किलोमीटरवर गेली. पलीकडे वाळत घातलेलं आईचं लुगडं तिला इकडून दिसायचं. आई दिसायची नाही.

"ही तरतूद झाली," चाचा म्हणाले. "म्हणजे मनातली इच्छा. शेजारचा रकाना वाच. मागल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च."

तिने बोट सरकवलं.

"निरंक."

चाचांनी ट्रंकेतून जुन्या प्रती काढून तिच्या मांडीवर ठेवल्या. ती एकेक उलटत गेली. दर वर्षी तरतूद, दोन लाख. दर वर्षी खर्च...

"निरंक... निरंक... सहा वर्षं, चाचा! मग पैसे गेले कुठे?"

"खालच्या ओळी बघ."

"कमान. देवळापुढच्या फरश्या. मैदानाचं कुंपण."

"ग्रामसभेत ज्यांनी मागितलं, त्यांच्याकडे गेले."

तिने मांडीवरच्या प्रती मिटल्या.

"तू किती सभांना होतीस?"

"एकाही नाही."

"सभेच्या दिवशी कुठं असतेस?"

"काठावर," ती हळूच म्हणाली. "पलीकडे बघत."

चाचा उठले. काठी घेतली आणि खाडीकडे चालू लागले. ती कागद घेऊन मागोमाग निघाली. खचलेल्या धक्क्याच्या शेवटच्या शाबूत दगडावर ते थांबले. ओहोटी लागली होती.

"वाच."

"इथं?"

"इथंच. सगळी सहा वर्षं."

तिने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच वर्षाला तिने कागद खाली केला.

"काय उपयोग, चाचा? एवढ्या रुंद खाडीपलीकडे कुणाला ऐकू जाणार?"

चाचांनी काठीने मागे, पंचायतीच्या दिशेला खूण केली.

"सोमवारी ग्रामसभा आहे, बेटी. तिथं हेच वाचायचंय, म्हणून मोठ्यानं वाच. ती खाडी याहून रुंद आहे."