सोबती प्रथिन

एका संशोधनसंस्थेत एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या वल्लरी पेशीतल्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. शरीरावर संकट आले की जे संप्रेरक स्रवते, त्याचा निरोप हे ग्राही प्रथिन स्वीकारते आणि पेशीच्या केंद्रकात पोहोचवते. पण निरोप येण्याआधी पाहावे, तर त्याला दुसरेच एक सोबती प्रथिन बिलगलेले असे. 'हा पहारा उठवला की ग्राही मोकळेपणी काम करील,' असे वल्लरीने मनाशी पक्के धरले होते.

या हट्टामागे तिचे स्वतःचे दुःख होते. आईवडिलांच्या पश्चात थोरल्या बहिणीने, अक्काने, शिवणकाम करून तिला वाढवले. वल्लरी संशोधनाला लागली तरी अक्काचे रोजचे विचारणे थांबेना. "जेवलीस का? कधी येशील?" एके दिवशी वल्लरी कडाडली, "अक्का, सोड मला आता! तुझ्या या धरून ठेवण्यानं माझं काही होत नाही." ती वसतिगृहात राहायला गेली. वर्ष सरायच्या आत तापाचे निमित्त झाले आणि अक्का गेली.

तेरावे आटोपून वल्लरी परतली. पुढचे चार महिने ती ते ग्राही धूत राहिली, सोबत्याचा अंशही उरू नये म्हणून. अखेर ते निखळ शुद्ध झाले. तिने संप्रेरक घातले. ग्राहीने किती संप्रेरक धरले ते दाखवणारा यंत्रावरचा आकडा शून्यावरून हलला नाही. तीनदा करून पाहिले, तीनदा शून्य.

"संपलं सर," ती म्हणाली. "माझ्या हातून आता काही होणार नाही."

आचार्यांनी पेशींच्या गढूळ अर्काची बाटली काढली आणि तिच्या शुद्ध द्रावात सरळ ओतली.

"सर! चार महिने घालवलेत मी यात!"

त्यांनी थोडे ऊर्जाद्रव्य मिसळले, नळी कोमट पाण्यात धरली, मग गार करून संप्रेरक घातले. आकडा सरसर चढला.

"या अर्कात सोबती आहेत," आचार्य म्हणाले. "सोबती ग्राहीला अडवत नव्हता, वल्लरी, उघडं धरून होता. एकटं पडलं की ते स्वतःतच मिटतं. मग निरोप दाराशी आला तरी घेता येत नाही. निरोप येईपर्यंत सांभाळायचं आणि आला की वाट द्यायची, एवढंच सोबत्याचं काम."

वल्लरीने ती नळी हातात घेतली.

"आणि सोबती परत आलाच नाही तर?"

"तर पेशी त्या ग्राहीला मोडीत काढते. खोटा धीर नाही देणार तुला."

"शेवटच्या दिवशी अक्कानं फोन केला होता, सर. मी उचलला नाही."

आचार्य खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

जो हात आपल्याला जखडतो असे वाटते, त्याने आपल्याला कशासाठी धरले आहे, हे तो हात असेतोवरच विचारून घ्यावे.