हाशाचा लाकडी मासा

खाडीवर पूल नव्हता, बाजारगावाला जाणारी लाँच नव्हती आणि वेळखारची सगळी घरं एका हाकेच्या अंतरात होती, तेव्हाचं हे सांगतो. ऐकणाऱ्यांनी खाडीकडे तोंड करून बसावं. आमच्याकडे ही गोष्ट तशीच ऐकतात.

वेळखारच्या खाली खाडी समुद्राला मिळते. पण मिळण्याआधी तिला दोन काळ्या खडकांमधून अंग चोरून जावं लागतं. त्या जागेला गाव घसा म्हणतं. भरतीला समुद्र तिथून आत घुसतो आणि ओहोटीला सगळी खाडी तिथूनच बाहेर पळते. पाण्याला अशी ओढ असते, की वल्हं हातातून निसटतं. असं म्हणतात, की त्या काळी घशाचा आवाज घराघरांत ऐकू यायचा आणि तान्ही मुलं त्या आवाजाशिवाय झोपत नसत.

गावात हाशा नावाचा होड्या करणारा होता. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला, चाहूला, त्यानंच वाढवलं. चाहू मोठा झाला, त्याचं लग्न झालं, राही नावाची बायको घरात आली, तरी हाशा त्याला जेवलास का म्हणून विचारायचाच. चाहूनं एकदा त्याच्याकडे हलकी होडी मागितली. सगळ्यांच्या पुढे जाईल अशी. हाशानं फळ्या तासून पातळ केल्या आणि होडी करून दिली. खरंच, ती होडी पाण्याला लागते न लागते अशी चालायची.

मग एक वाईट वर्ष आलं. उधाणानं बांध फुटला, भाताच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि खाडीतली मासळीही कुठंतरी निघून गेली. जाळ्यात शेवाळ यायचं आणि चिखल यायचा. लोक कांदळवनातल्या शिंपल्या उकडून खाऊ लागले. मासा उरला होता तो एकाच ठिकाणी, घशात. तिथं जिताडे होते. जिताडा म्हणजे खाडीतला सगळ्यात देखणा, सगळ्यात ताकदीचा मासा. एक मिळाला तर चार घरं जेवतील. ते खडकांच्या आडोशाला उभे असायचे आणि वरून माणसांना दिसायचेही. पण तिथं जाळं टिकत नव्हतं आणि होडी तर नाहीच नाही.

चाहूनं हाशाला काही न सांगता होडी घशात घातली. त्याला वाटलं, आपली होडी हलकी आहे, पाण्यानं धरायच्या आत निघून येईल. जाळं खडकाला अडकलं. ओढीनं जाळं ताणलं, जाळ्यानं होडी आडवी केली आणि पातळ फळ्या मधोमध फाटल्या. किनाऱ्यावरून लोकांनी पाहिलं. संध्याकाळी एक फळी वाळूवर आली. चाहू आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, त्या पंधरवड्यातही नाही.

गावकीनं राहीला सांगितलं, की दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ आणि तुझ्या बांगड्या उतरवू. जिवाला गती मिळायला हवी. ती म्हणाली, "गवताचा नवरा मी जाळणार नाय." आणि ती जाऊन घशाच्या वरच्या खडकावर बसली. रोज जायची, रोज बसायची. हातात बांगड्या तशाच.

हाशानं होड्या करणं सोडलं. तोही त्या खडकावर यायचा, पण लांब बसायचा, कारण थोरल्या दिरासमोर राही कधी तोंड उघडून बोलली नव्हती. खाली जिताडे उभे असायचे. गावात पोरं भुकेनं रडत होती, आणि हाशाला ठाऊक होतं, की आज ना उद्या कुणीतरी पुन्हा होडी घालणार. माणसं घशात जाऊ नयेत, तर घशातला मासा बाहेर यायला हवा. पण गळाला लावलेलं आमिष त्या ओढीत फाटून जायचं.

तेव्हा त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचा मासा कोरला. पांगारा हलका, जाळं तरंगतं ठेवणाऱ्या बोयऱ्यांना वापरतात तो. पोटाला गळ बांधला, अंबाडीची दोरी लावली आणि मासा पाण्यात सोडला. तो पाण्यावरून उड्या मारत निघून गेला. त्यानं पुढच्याला शिसं लावलं, तर तो दगडासारखा तळाला गेला आणि खडकात अडकून तुटला. कुणी पोट वर करून उलटा व्हायचा, कुणी भोवऱ्यासारखा गरगरायचा. लोक आपसांत म्हणू लागले, भाऊ बुडाला आणि हा खेळणी करतो. काहींनी त्याच्या तोंडावरही सांगितलं. तो कोरत राहिला. घशानं किती मासे नेले, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

एके दिवशी दुपारी राही त्याच्याकडे न बघता बोलली. त्या दोघांतलं ते पहिलं बोलणं.

"पाण्याबरोबर जातो त्याला तो तोंड लावत नाय," ती म्हणाली. "मी बघते रोज. जो पाण्याशी भांडतो त्यालाच गिळतो."

ती माशाबद्दल बोलत होती, की आणखी कुणाबद्दल, ते हाशानं विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी त्यानं नवा मासा घेतला आणि त्याच्या हनुवटीखाली शिंपल्याची एक तिरकी जीभ बसवली. सकाळी तो ओढीत सोडला. पाण्याचा दाब त्या जिभेवर आला, तसं तोंड खाली गेलं, शेपूट वर आलं आणि मासा अंग झाडत, वळवळत पाण्यात उतरला. दोरी ताणली होती आणि तो एका जागी उभा राहून अख्ख्या खाडीशी भांडत होता. असं म्हणतात, की तो पाहून खडकावरचे बगळेसुद्धा पुढे सरकले.

जिताड्यानं तो घेतला. दोघांनी मिळून दोरी ओढली. हाशाच्या तळहाताचं कातडं सोलून निघालं, राहीची एक बांगडी पिचली. जिताडा खडकावर आला तेव्हा त्याचं अंग राहीच्या कमरेइतकं उंच होतं असं सांगतात. त्या दिवशी गावात पुन्हा मासा शिजला.

मग हाशानं प्रत्येक घराला एक लाकडी मासा करून दिला. देताना तो एकच शब्द घ्यायचा, की घशात होडी घालणार नाही. सगळ्यांनी शब्द दिला आणि पाळला. त्यानंतर वेळखारचं माणूस होडी घेऊन घशात गेलं नाही. पण हाशानं जिताडा कधी खाल्ला नाही. राहीनंही नाही. ताटात वाढला तर ती ताट तसंच ठेवून उठायची. का, ते सगळ्यांना कळत होतं.

पावसाळे गेले. हाशाचे केस पांढरे झाले आणि तो फार कमी बोलू लागला. एकदा भाद्रपदातल्या अमावस्येला, घरोघर पितरांना पान वाढत होते, तेव्हा तो घरात गेला आणि चाहूच्या होडीची ती वाळूवर आलेली फळी घेऊन आला. तिच्यातून त्यानं मासा कोरला, स्वतःच्या हाताएवढा लांब. त्याला जीभ लावली. गळ लावला नाही. राहीनं विचारलं, गळ कसा नाही? तो म्हणाला, "याला काय पकडायचं नाय. याला शोधायचं हाय."

त्यानं मासा घशात सोडला. ओहोटीची ओढ होती, मासा समुद्राकडे वाहून जायला हवा होता. असं म्हणतात, की तो गेला नाही. तो दोन खडकांच्या मधोमध गेला, खाली उतरला आणि तिथंच थांबला. ओहोटी संपली, भरती लागली, पाणी उलटं वाहू लागलं, तरी दोरी तीच जागा दाखवत होती. सगळं गाव जमलं. हाशा दोरी हातात धरून बसून राहिला आणि त्याला कळलं, की भाऊ कुठं आहे.

त्यानं भांगाचे दिवस येईपर्यंत वाट पाहिली. भांगाला पाण्याला जोर कमी असतो आणि भरती संपून ओहोटी लागण्याआधी ते घटकाभर उभं राहतं. त्या सकाळी तो खडकावर आला. खडकाला बांधून ठेवलेली दोरी अजून तशीच होती. राही म्हणाली, नका जाऊ. लोक म्हणाले, तूच आमच्याकडून शब्द घेतलास. हाशा म्हणाला, होडी घालणार नाही असा शब्द होता, मी होडी घेऊन जात नाही.

मग त्यानं दोरीचं टोक राहीच्या हातात दिलं.

"होडी मी पातळ केली होती, राही," तो म्हणाला. "दोरीला तीन हिसके बसले की ओढ. मधे ओढू नको."

तो दोरी धरून पाण्यात उतरला. घसा त्या दिवशी गप्प होता, अगदी गप्प, आणि त्या शांततेनं गावातली तान्ही मुलं रडत उठली असं म्हणतात. राही दोरीकडे बघत होती. खडकापाशी पाण्यावर पहिली सुरकुती उमटली, ओहोटी लागत होती, आणि तेव्हा हिसके बसले. तिनं ओढलं. बायका धावल्या, बाप्ये धावले, सगळ्यांनी ओढलं.

दोरीच्या टोकाला चाहू होता. म्हणजे त्याची हाडं होती, आणि कमरेचा चांदीचा करगोटा, जाळ्याच्या एका तुकड्यात नीट बांधलेली. गाठ हाशाची होती, होडीची फळी बांधतात तशी. हाशा नव्हता. घशानं एक दिला आणि एक ठेवून घेतला.

राहीनं नवऱ्याला अग्नी दिला. मग तिनं स्वतःच खडकावर हात आपटून बांगड्या फोडल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. ती कुणासाठी रडली, चाहूसाठी की हाशासाठी, असं कुणी विचारलं तर सांगणारे म्हणतात, दोघांसाठी. पुढं तिनं लाकडी मासे कोरायला घेतले. आज वेळखारमध्ये जिताड्यासाठी जो मासा करतात तो तिच्या हातचा नमुना आहे, पण गाव त्याला हाशाच म्हणतं. "दोन हाशे घेतले, चल गरवायला," असं गळ टाकायला निघालेली पोरं एकमेकांना सांगतात.

आणि भाद्रपदातल्या अमावस्येला, पितरांना पान वाढून झालं, की ज्या घरचं माणूस समुद्रातून परत आलेलं नाही त्या घरची बाई घशावर येते. तिच्या हातात गळ नसलेला लाकडी मासा असतो. तो ती ओढीत सोडते आणि दोरी धरून बसते. आजवर कुणाचा मासा थांबलेला नाही. ओहोटी संपते, पाणी फिरतं, मासा पाण्याबरोबर फिरतो आणि दोरी हलकी होऊन हातात येते. बाई ती गुंडाळते आणि घरी नेऊन उन्हात वाळत घालते, पुढच्या वर्षी कुजलेली निघू नये म्हणून.